अठरा चौकटी

"ह्यातनं ती काढायची," अण्णा मुसळे म्हणाले आणि फिल्मचा डबा त्यांनी माझ्या काउंटरवर ठेवला.

डबा मीच त्यांना वर्षभरापूर्वी दिलेला होता. झाकणावर माझ्याच अक्षरात 'मुसळे, वास्तुशांत, माघ १९७९' असं लिहिलेलं होतं.

ती म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. अण्णांची एकुलती एक मुलगी वैजयंती, सगळ्यांची वैजू, दिवाळी झाल्यावर चौथ्या दिवशी घर सोडून गेली होती. यशवंत नावाचा माणूस त्यांच्या कारखान्यात मागांच्या मोटारी दुरुस्त करायला यायचा, त्याच्याशी तिनं लग्न केलं. तो त्यांच्यातला नव्हता. इचलकरंजीत ही गोष्ट दोन दिवसांत सगळ्यांना कळली आणि तिसऱ्या दिवसापासून अण्णांसमोर तिचं नाव काढायचं सगळ्यांनी बंद केलं.

"अण्णा, नकोच असेल तर सगळी फिल्म तशीच ठेवून द्या की कपाटात," मी म्हटलं.

"तात्या आहेत त्यात."

तात्या म्हणजे त्यांचे वडील. वास्तुशांतीनंतर तीन आठवड्यांत गेले. त्यांचे फोटो पुष्कळ होते, पण हलणारे, बोलणारे तात्या फक्त त्या डब्यात होते.

"सोमवारी वर्षश्राद्ध आहे," अण्णा म्हणाले. "सगळे भाऊबंद येणार. जेवणं झाली की माडीवर पिक्चर लावायचा. तात्या दिसले पाहिजेत. ती दिसता कामा नये."

"आज गुरुवार आहे."

"म्हणूनच आज आणलाय." ते जायला निघाले, दारात थांबले. "आणि कापलेले तुकडे मला द्यायचे, शालन. एकपण मागं ठेवायचा नाही."

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. वडील गेल्यावर स्टुडिओ मीच चालवत होते. लग्नाचे फोटो, शाळांचे ग्रुप फोटो, पासपोर्ट साइझ. त्याशिवाय वडिलांनी हौसेनं घेतलेला एक सुपर एट कॅमेरा होता. त्यात चित्राबरोबर आवाजही भरला जायचा, आणि आमच्या भागात तसा दुसरा कॅमेरा कुणाकडे नव्हता. तळहाताएवढ्या डबीत पन्नास फूट फिल्म बसायची, तीन मिनिटं वीस सेकंदांत संपायची, मग ती मुंबईला धुवायला पाठवायची आणि महिनाभर वाट बघायची. वास्तुशांतीला मी अशा चार डब्या घातल्या होत्या. म्हणजे जेमतेम तेरा मिनिटं.

त्या तेरा मिनिटांत वैजू सात ठिकाणी होती.

गुरुवारी दुपारी दार लावून घेतलं आणि मी फिल्म लावून पाहिली. कारखाना त्या दिवशी बंद होता, त्यामुळे मागांची खटखट नव्हती आणि सगळे आवाज स्वच्छ आले होते. गुरुजी, भांडी, लहान पोरांची भांडणं. तात्या खुर्चीत बसून पटका बांधत होते. बांधता बांधता त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून विचारलं होतं, "काय गं पोरी, माझा आवाजपण येणार व्हय ह्यात?" मी मागून "हो तात्या" म्हटलेलंही ऐकू येत होतं.

आणि वैजू. फुलांची परडी घेऊन जाताना. पंगतीत वाढताना. लहान चुलतभावाचं नाक पुसताना. शेवटच्या ठिकाणी ती माडीच्या कठड्यावरून खाली वाकली होती आणि अंगणात काम करणाऱ्या आईला हाक मारत होती. "आई! अगं वर बघ की! शालनताई पिक्चर घ्यायला लागलीय!" आईचे हात कणकेत होते, ती वर बघेना. वैजू हसत होती, तिची वेणी कठड्यावरून खाली लोंबत होती. मग मी कॅमेरा बंद करून खाली वळवला आणि पुन्हा सुरू केला. पुढच्या चित्रात वैजूची आई, आमच्या काकू, परातीत कणीक मळताहेत, क्षणभरानं मान वर करतात, मनगटानं कपाळावरचे केस मागे सारतात आणि वर बघून हसतात.

मी कापायला बसले. छोटी फिल्म म्हणजे करंगळीच्या नखाहून अरुंद पट्टी. भिंगातून बघायचं, नेमकी चौकट, म्हणजे एकेकटं चित्र, शोधायची, पातं दाबायचं, दोन्ही टोकं खरवडायची आणि फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडायची. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सातही तुकडे निघाले. मी ते एका पाकिटात घातले आणि फिल्म चालवून बघितली.

कापायच्या आधीच मला एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती आता ऐकू आली.

प्रोजेक्टरमध्ये प्रत्येक चित्र दिव्यासमोर क्षणभर थांबतं, मग झटक्यानं पुढचं येतं. असं थांबत थांबतच ते हलल्यासारखं दिसतं. आवाजाला मात्र झटके चालत नाहीत, त्याला फिल्म सरळ वाहती लागते. म्हणून आवाज वाचणारं हेड दिव्यापासून थोडं पुढे बसवलेलं असतं, आणि फिल्मवर प्रत्येक चित्राचा आवाज त्या चित्राजवळ नसतो. तो अठरा चौकटी आधीच्या चित्राच्या कडेला, टेपसारख्या तपकिरी पट्टीवर असतो. सेकंदाला अठरा चौकटी चालतात. म्हणजे माणूस जरी नेमका कापून काढला, तरी त्याचा पहिल्या एका सेकंदाचा आवाज मागे राहतो आणि पुढच्या चित्रावर वाजतो.

सहा ठिकाणी काही विशेष राहिलं नव्हतं. भांड्याचा आवाज, कुणाचं तरी अर्धं वाक्य. त्यावर उपाय सोपा होता. आमच्या प्रोजेक्टरवर आवाज पुसून नवा भरता यायचा. शनिवारी मी सनईची तबकडी लावली आणि त्या सहाही जोडांवर सनई भरली. वास्तुशांतीच्या पिक्चरला सनई शोभतच होती.

सातव्या ठिकाणी आले. काकू कणीक मळताहेत. कुणी दिसत नाही. आणि "आई!"

एवढंच. मग काकू मान वर करतात आणि हसतात.

मी फिल्म मागे घेतली, पुन्हा लावली. आवाज भरायचं लाल बटण दाबायचं आणि तबकडीवर सुई ठेवायची, दोन सेकंदांचं काम होतं. मी बटणावर बोट ठेवलं. नंतर तबकडी काढून पाकिटात घातली आणि प्रोजेक्टरवर कापड टाकलं. चाळीस माणसांच्या गलक्यात एक शब्द कुणाला ऐकू येणार, असं मी स्वतःला सांगितलं.

रविवारी मी तुकड्यांचं पाकीट अण्णांना नेऊन दिलं. ते न्हाणीघराशी उभे होते. पाकीट त्यांनी उघडलंही नाही. तसंच बंबाच्या तोंडात टाकलं आणि वर दोन ढलप्या सारल्या. फिल्म आक्रसत, वितळत जळते, उग्र वास सुटतो. काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या, बंबाकडे बघितलं आणि आत गेल्या.

सोमवारी चार वाजता माडीवरच्या खिडक्यांना जाड चादरी बांधल्या. पुरुष पुढे सतरंजीवर, बायका मागे दाराशी. तात्या पटका बांधू लागले तशी खोली शांत झाली, आणि "माझा आवाजपण येणार व्हय ह्यात?" म्हणाले तेव्हा पुढच्या रांगेतले दोन म्हातारे हमसून रडले. अण्णा खांबाला टेकून उभे होते. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मला बरं वाटलं.

मग अंगण आलं, परात आली.

"आई!"

वैजूचा आवाज सगळ्या गल्लीच्या ओळखीचा होता, जरा घोगरा. बायकांच्या घोळक्यात एक म्हातारी आत्या होती, तिला कमी दिसायचं. तिनं अंधारात विचारलं, "कोण गं? कोण हाक मारतंय?"

पडद्यावर काकू वर बघून हसत होत्या. आणि मागे, दाराशी, खऱ्या काकू उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या दिव्याच्या झोतात आल्या आणि त्यांच्या डोक्याची सावली पडद्यावर पडली. "बसा वहिनी," कुणीतरी हळू म्हटलं. त्या बसल्या. अण्णांनी मान वळवली नाही.

मी सामान आवरत होते तेव्हा अण्णा जवळ आले. मला वाटलं, आता विचारणार.

"डबा तुझ्याकडंच ठेव," ते म्हणाले. "इथं नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू स्टुडिओत आल्या. त्या एकट्या कधी बाहेर पडत नसत. "पासपोर्टचा फोटो काढायचाय," म्हणाल्या. मी स्टुलावर बसवलं, दिवे लावले. फोटो काढून झाला तरी त्या उठल्या नाहीत.

"शालन, तो मला भास झाला का गं?"

"नाही काकू."

"मग लाव बघू एकदा."

मी बाहेरचं दार लावलं, समोरच्या पांढऱ्या भिंतीवर तेवढाच भाग दाखवला. त्या हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

"परत."

मी परत लावला. पाच वेळा लावला. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि फोटोचं काही न विचारता गेल्या.

मग त्या येतच राहिल्या. एक दिवसाआड, दुपारी अण्णा कारखान्यात असताना. कधी माझ्यासाठी दुरडीत भाकरी आणि ठेचा, कधी नुसत्याच. तात्या नकोत, पंगत नको, त्यांना तेवढंच हवं असायचं. मी एकदा विचारलं, "मागचं पुढचंपण दाखवू का?" तर म्हणाल्या, "त्यात काय आहे? ह्यात ती आहे."

मला वाटायचं, त्या आवाजासाठी येतात. दुसरं काय वाटणार?

चैत्र संपत आला तेव्हा एके दुपारी जोड तुटला. फिल्म प्रोजेक्टरमध्ये फडफडली, भिंतीवर नुसता पांढरा उजेड. काकू दचकून उभ्या राहिल्या.

"काय झालं?"

"काही नाही. जोडता येतं." मी दिवा लावला, भिंग घेतलं. त्या माझ्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या. मी टोकं कापली, खरवडली, सिमेंट लावलं.

"हे काय टाकलंस खाली?"

"टोक खराब झालं होतं. दोन चौकटी गेल्या."

"तिच्यातल्या?"

मला खोटं सांगता आलं असतं. पण त्या इतक्या जवळून बघत होत्या. "हो. हाक जिथं आहे तिथल्याच."

"म्हणजे किती राहिली?"

"सोळा. आणि काकू, नुसतं चालवूनसुद्धा ती पट्टी घासली जाते. आवाज बारीक होत जातो. पहिल्यापेक्षा आताच थोडा झालाय."

मी लावून दाखवला. "आ..." आणि पुढचं 'ई' तुटल्यासारखं, घाईत गिळल्यासारखं. भिंतीवरच्या काकूंनी मात्र पहिल्यासारखीच मान वर केली.

"नको लावूस आता," काकू म्हणाल्या.

प्रोजेक्टर बंद केला. त्या स्टुलावर बसल्या, तोंड रिकाम्या भिंतीकडे.

"तुला वाटत असेल, ही बाई पोरीचा आवाज ऐकायला येते."

"त्या दिवशी सकाळी ह्यांनी तिला सांगितलं, आत्ताच्या आत्ता बाहेर हो. ती पिशवी घेऊन अंगणात आली. मी आत चुलीपुढं होते. दार पुढं केलेलं. तिनं अंगणातनं हाक मारली. आई म्हणून. एकदाच." काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मी वर बघितलं नाही, शालन. तव्यावरची भाकरी बघत बसले. ती करपली तरी बघत होते. मग कडी वाजली फाटकाची."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"ह्यात मी बघते," त्या म्हणाल्या. "ह्यात ती हाक मारते आणि मी बघते. हसते पण."

मी उठून त्यांना पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले. मग चपला घालून दार उघडलं, आणि तिथंच थांबल्या.

समोरच्या पानपट्टीशी अण्णा उभे होते. स्कूटर स्टँडवर लावलेली होती, म्हणजे बराच वेळ उभे असावेत. ते रस्ता ओलांडून आले. मी मनात म्हटलं, संपलं. डबा घेऊन जाणार, आणि गावभर सांगणार की मुसळ्यांच्या घरात ह्या बाईनं भानगड लावली.

"हिला दुपारची कुठं जातेस म्हणून मी कधी विचारलं नाही," ते माझ्याशी बोलत होते, काकूंकडे न बघता. "वर्षश्राद्धाला माडीवर मीपण ऐकलं होतं. मी काय बहिरा आहे?"

"अण्णा, ते चुकून राहिलं."

"पुसता येत नव्हतं?"

मी काकूंच्या पाण्याचा पेला काउंटरवर ठेवला.

"येत होतं म्हणजे." त्यांनी शर्टाच्या खिशातून कारखान्याच्या पावतीचा एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. मागच्या बाजूला पेन्सिलीनं पत्ता होता. निपाणी, तंबाखूच्या वखारींमागची एक चाळ.

"हिला एकटीला गाडी कळत नाही," ते म्हणाले. "तू घेऊन जा. गुरुवारी जा. विचारलं कुणी, तर नरसोबाच्या वाडीला गेलो होतो म्हणून सांगा."

काकूंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "पत्ता कधीपासून आहे तुमच्याकडं?"

"मोटार वाइंडिंगवाला कुठं बसतो ते कळायला काय लागतंय?" अण्णा म्हणाले आणि स्कूटरला किक मारायला वळले. "माझं नाव काढायचं नाही तिथं."

गुरुवारी आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. काकूंनी पिशवीत काय काय भरलं होतं: मेतकूट, शेवया, डिंकाचे लाडू, स्वतःची एक जुनी मऊ साडी. कागल सुटल्यावर म्हणाल्या, "तिनं दार लावून घेतलं तर तू मागं फिरायचं नाहीस. थोडं थांबायचं."

निपाणीत तंबाखूचा वास नाकात बसतो, त्या चाळीशी तर आम्हा दोघींना शिंकांवर शिंका आल्या. त्या शिंकांमुळेच बहुतेक, दार आधीच उघडलं गेलं. वैजू उंबऱ्यात उभी होती. पाचवा महिना असावा. वेणीऐवजी अंबाडा होता, हाताला तांब्याच्या तारेचे चरे.

ती आमच्याकडे बघत राहिली. मग बाजूला झाली.

"या. बसा."

दोन खोल्या. एका कोपऱ्यात उघडी मोटार, गुंडाळायच्या तारेची रिळं. यशवंत कामावर गेला होता. वैजूनं आम्हाला चटई टाकली, पाणी दिलं, चहा टाकला. काकूंनी पिशवीतल्या वस्तू एकेक काढून जमिनीवर मांडल्या. मग दोघी बोलू लागल्या, आणि मी ऐकत बसले. नळाला पाणी किती वाजता येतं. रॉकेल मिळतं का. इथल्या शेवया जाड असतात. पायाला सूज आहे का, असेल तर उशीवर पाय ठेवून झोपायचं. शेजारची बाई चांगली आहे, कन्नड बोलते पण समजतं. दवाखाना जवळ आहे.

"वजन केलंस का?"

"केलं. बरं आहे म्हणाल्या डॉक्टरीणबाई."

"आंबट खातेस?"

"फार नाही."

तिचा आवाज तोच होता, घोगरा. तो ऐकायला मी इतक्या दिवसांत इतक्या वेळा बसले होते, की माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे लागलं होतं. दोन तासांत ती एकदाही 'आई' म्हणाली नाही. 'चहा घ्या', 'साखर कमी झाली का', 'उन्हाचं कशाला आलात'. दोघींना मिळून, पाहुण्यांना बोलावं तसं. काकूंनाही ते कळत असणार. त्या बोलताना दर थोड्या वेळानं थांबायच्या, आणि मग पुन्हा पायाच्या सुजेवर यायच्या.

निघताना वैजू स्टँडपर्यंत आली. उन्हात नको म्हटलं तरी आली. गाडी लागलेली होती. काकू पायरीवर चढता चढता मागे वळल्या आणि एकदम म्हणाल्या, "त्या दिवशी मी ऐकलं होतं गं. तुझी हाक. मी आत होते. मी ऐकलं होतं."

वैजूचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. तिनं हात पुढे करून काकूंच्या पिशवीचे बंद नीट केले. "चढा तुम्ही. जागा जाईल."

काकू आत गेल्या. मी चढणार तेवढ्यात वैजूनं माझं मनगट धरलं आणि मला दोन पावलं बाजूला घेतलं.

"कुठली हाक, शालनताई?"

"तू अंगणातनं मारलेली. जाताना."

"मी हाक मारलीच नव्हती." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "दार पुढं केलेलं दिसलं. मग कशाला हाक मारू? गुपचूप पिशवी उचलली आणि निघाले. तिला सांग."

कंडक्टरनं घंटी ओढली. मी चढले. काकूंनी माझ्यासाठी खिडकीची जागा सोडली होती, पण स्वतः खिडकीकडे वाकून बाहेर बघत होत्या. वैजू गाडी वळेपर्यंत उभी होती. तिनं हात हलवला नाही, पदर डोक्यावर धरून उभी होती, ऊन लागत होतं म्हणून.

गाव मागे पडलं. काकू सरळ बसल्या.

"काय म्हणाली ती तुला?"

मी रस्ताभर काय सांगायचं ते ठरवणार होते. पण त्यांनी लगेच विचारलं आणि मला दुसरं काही सुचलं नाही.

"म्हणाली, त्या दिवशी मी हाक मारलीच नव्हती. दार पुढं केलेलं बघून गुपचूप निघाले."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलायला लागले. मला वाटलं, आता रडतील, आणि मी हे काय करून बसले. पण त्या हसल्या. डोळ्यांत पाणी येऊन, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या.

"खोटं बोलतीय," त्या म्हणाल्या. "अशीच आहे ती. पहिल्यापासनं. शाळेत असताना मी केलेली भाकरी करपली तर म्हणायची, मला करपलेलीच आवडते. मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलतीय, शालन."

त्या हाकेचं खरं काय, ते मला आजही माहीत नाही. भाद्रपदात वैजूला मुलगी झाली तेव्हा काकू दीड महिना निपाणीत राहिल्या. त्यानंतरही मरेपर्यंत जात राहिल्या. अण्णा एकदाही गेले नाहीत, पण बाजारातनं आंब्याची पेटी आणली की दुसरी स्टुडिओत आणून ठेवायचे आणि न बोलता जायचे. वैजू आता सत्तरीला आली. आमची भेट होते. विचारावं असं पुष्कळदा ओठांवर येतं. तिनं एक उत्तर दिलं, काकूंनी त्याचं दुसरं केलं, आणि त्या दुसऱ्यावर त्या पुढची बारा वर्षं जगल्या. मी कोण विचारणारी?

त्या दिवशी गाडीत कंडक्टर तिकिटं देत आमच्यापर्यंत आला. काकूंनी डोळे पुसले, पैसे दिले, आणि त्याच्या हाताला स्पर्श करून थांबवलं.

"पुढच्या गुरुवारी सकाळची गाडी किती वाजता असते हो?"

"सव्वासातला. पण गर्दी असते मावशी, लवकर यावं लागतं."

"येते की," काकू म्हणाल्या.